शिंपडलेलं पाणी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी आम्ही भट्टी उघडली. भांडी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती आली आणि दुपारी परत गेली. त्या दिवसानंतर माझ्या बहिणीनं मातीला हात लावला नाही.

हे मी धामणगाव बढेच्या आमच्या घरात बसून लिहिते आहे. माझी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, या हिवाळ्यात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला संग्रामपूरकडच्या शाळेतले तिचे जुने सहकारी आले होते. त्यातले एक गुरुजी उठून दोन शब्द बोलले. मॅडम शिस्तीच्या होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या, गणित छान शिकवायच्या, असं सगळं सांगून झाल्यावर ते हसत म्हणाले, "फक्त एक गोष्ट आम्हाले कधी समजली नाही. पोळा आला की पोरं मातीचे बैल करत. मॅडमच्या वर्गात मात्र पुठ्ठ्याचे बैल. माती वर्गात आणूच देत नव्हत्या. आम्ही म्हणायचो, मॅडमले हात खराब झालेले चालत नाहीत." लोक थोडे हसले. खीर वाढायला सुरुवात झाली. मी पुढच्या रांगेत पांढरी साडी नेसून बसले होते आणि मला त्या गुरुजींचा राग आला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं जे होतं ते आक्कानं कुणाला सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. आता ती नाही, तेव्हा मी लिहिते.

माझी स्वतःची सगळी नोकरी मातीत गेली. शहरातल्या कला महाविद्यालयात मी सिरॅमिक शिकवलं, नंतर सिरॅमिक शिकवणाऱ्यांना शिकवलं, विभागप्रमुख झाले, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासले. निरोप समारंभात मला शाल मिळाली आणि एका वक्त्यानं माझं मातीशी जन्माचं नातं असल्याचं सांगितलं. ते खरं नव्हतं. आमच्या घरात मातीशी नातं असेल तर ते शेणामातीनं घर सारवण्यापुरतं. मातीचं जे काही माझ्याकडे आलं ते आक्काकडून आलं, आणि तिच्याकडून ते हिसकावून घेतलं गेल्यावर आलं.

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घर दोन खोल्यांचं, मागे न्हाणी, न्हाणीशेजारी लिंबाचं एक झुडूप. बाबा सकाळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत, मायला वाचता येत नव्हतं म्हणून. माय भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच विचारायची, "मंग त्यानं काय म्हणलं?" बाबा चिडायचे, "अवं, हे भाषण हाय, भांडण नाही." माय म्हणायची, "दोन्हीत फरक काय हाय?" तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर फुगलेली असायची, परातीत ठेचा, भरताची वांगी चुलीच्या निखाऱ्यात घातलेली आणि त्यांची साल तडकल्याचा वास घरभर. आजही मला सकाळ म्हटलं की हा वास येतो आणि भाकरीवर पडणारा मायचा हात ऐकू येतो. शहरात मी गॅसवर वांगी भाजायचे. ती भाजली जायची, पण त्यांना वास नसायचा.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. ती शहरात जाऊन कुंभकामाची पदविका घेऊन आली तेव्हा आमच्या वस्तीत त्याची चेष्टा झाली. शेजारच्या शांताबाई न्हाणीच्या भिंतीवरून बोलायच्या. "काऊन वं वानखडेबाई, एवढं शिकून पोरगी माती तुडवाले लागली म्हणे? आपल्या लोकायनं एवढ्या मुश्किलीनं हातातली कामं सोडली, अन् तुही पोरगी दुसऱ्याचं काम उचलून आणून राह्यली!" माय उत्तर द्यायची, "दुसऱ्याचं काऊन? शिकवते ती. मास्तरीण हाय." "मास्तरीण हाय तं नखात माती कशी?" यावर माय भिंतीपासून मागे फिरायची. ती घरात येऊन आक्कावर ओरडायची, "नखं तरी धुत जाय बाई, चारचौघीत मले खाली पाहा लागते." आक्का हसायची. तेव्हा ती हसायची. तिच्या हसण्यात वरचे दात दिसायचे आणि मायला तेही आवडायचं नाही.

आमच्या गावाहून एसटीनं जाता येईल अशा एका गावात एक अध्यापक विद्यालय होतं. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं अजून आहेत, त्यांची मुलं आहेत आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. त्या विद्यालयात भावी प्राथमिक शिक्षकांना एक हस्तव्यवसाय शिकावा लागे, आणि आक्काला तिथं मातीकामाची शिक्षिका म्हणून तात्पुरतं घेतलं. मग मीही तिथंच शिकायला गेले. त्यामुळे घरी आक्का आणि वर्गात मॅडम असं माझं सुरू झालं. ती ते फार कडकपणे पाळायची. सकाळी घरी माझ्या डोक्यात तेल घालणारी बाई वर्गात मला "वानखडे, तुम्ही मागे बसा" म्हणायची. बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो आणि विद्यालयाच्या फाटकापाशी आल्यावर ती माझा हात सोडायची. परत जाताना फाटकाबाहेर पुन्हा धरायची. मुली हसायच्या, "वानखडे, तुह्या मॅडमनं आज डब्यात काय देलं?"

ती जे शिकवायची त्यातला मुख्य मुद्दा एकच होता आणि तो तिचा स्वतःचा होता. बाहेरून पोत्यात येणारी पांढरी माती तिला नको होती. ती म्हणायची, खेड्यातल्या शाळेत पोती कोण पाठवणार आहे? शिक्षकानं शाळेच्या मागच्या नाल्यातून माती काढायची, तीच मळायची, तीच भाजायची. मूल ज्या मातीवर उभं आहे तिचंच भांडं त्याच्या हातून झालं पाहिजे. आता हे वाक्य चर्चासत्रांतून इतक्या वेळा ऐकू येतं की मला ते ऐकून बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटतं. त्या काळी, आमच्या भागात, असं म्हणणारी मी एकच व्यक्ती पाहिली.

पण आमच्या नाल्यांची माती सोपी नाही. तिच्यात चुनखडी असते. मोठे खडे वेचता येतात, चाळता येतात. मोहरीएवढे कण मात्र चाळणीतूनही जातात. आक्का मातीवर लिंबू पिळून आम्हाला दाखवायची. जिथं चुना तिथं फेस. आमच्या न्हाणीशेजारच्या झुडपाला त्यामुळे कधी लिंबू टिकलं नाही आणि माय म्हणायची, "वरणात पिळाले लिंबू नाही, अन् मातीले रोज सरबत." आता हा कण भट्टीत गेला की भाजून कळीचा चुना होतो. घर पांढरं करायला ज्यांनी पिंपात कळीचा चुना भिजवला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. भरपूर पाण्यात बुडवला की तो थोडा वेळ उकळतो आणि मग लोण्यासारखा मऊ होऊन बसतो. पण त्याच्यावर नुसता ओला हात लागला तर तो फुलतो, फुटतो आणि जागा मागतो. भांड्याच्या अंगात असा कण असेल तर तो वरचा पापुद्रा उडवून बाहेर येतो. भट्टीतून धडधाकट निघालेलं भांडं मग एका दिवसात खळ्याखळ्यांचं होतं. म्हणून भट्टी उघडली की भांडी लगेच पाण्यात बुडवून ठेवायची, चांगली तासन्‌तास. आक्का त्याला भांड्याची तहान भागवणं म्हणायची. त्यासाठी तिनं भट्टीशेजारी सिमेंटचं एक टाकं बांधून घेतलं होतं.

ते टाकं विद्यालयाच्या विहिरीच्या पाण्यानं भरायचं. दोर-पोहऱ्याची विहीर होती, पाणी गोड. भांडी निघायच्या दिवशी वर्गातल्या मुली ओळीनं पाणी ओढायच्या. आक्का किंवा मी पुढे झालो की कुणीतरी मुलगी पटकन दोर धरायची. "राहू द्या मॅडम, मी ओढते." "वानखडे, तू बस, तुले जमाचं नाही." इतक्या गोड आवाजात म्हणायच्या. पहिलं वर्षभर मी तो मान समजत होते. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की दोन वर्गांच्या मुलींत ज्यांना दोर कधीच ओढू दिला जात नाही अशा आम्ही मोजक्याच आहोत आणि आम्ही सगळ्या एकाच बाजूच्या वस्त्यांतून येतो. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "टाकं भरते ना? मंग."

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. समितीनं मान्यता दिली तर मातीकाम हा विषय तिथं कायम होणार होता, आक्का कायम होणार होती, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले शिक्षक तिच्याकडे प्रशिक्षणाला येणार होते. तिनं त्या प्रशिक्षणाचा आराखडा करून ठेवला होता. स्वयंपाक करतानाही ती त्याच्याबद्दल बोलायची. बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकायचे. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलेलं मी फक्त तेव्हा पाहिलं.

आम्ही कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाभळीची लाकडं लावून भट्टी पेटवली. ती थंड होईपर्यंत मुली आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. आमच्याकडे आखाजीला मुली घरी जातात. झोके बांधतात, आणि घराघरात पितरांच्या नावानं नवा घट भरतात. मागे राहिलो आक्का, मी आणि शिपाई रामराव. भट्टी उघडली तेव्हा आक्काच्या तोंडावर जे होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. गडू, वाडगे, दिवे, पसरट ताटल्या, सगळं लाल, सारखं भाजलेलं, कुठं तडा नाही. तिनं एक गडू बोटाच्या पेरानं वाजवला. टणकन आवाज आला. "ऐक," ती मला म्हणाली, आणि पुन्हा वाजवला.

टाकं कोरडं होतं. रामरावाला पाणी भरायला सांगितलेलं होतं. तो म्हणाला, नाही जमलं. मग आक्कानं स्वतः पोहरा उचलला आणि विहिरीकडे चालू लागली. रामराव मागे धावला. त्यानं तिला हात लावला नाही, पण वाटेत आडवा उभा राहिला.

"मॅडम, थांबा. हात जोडतो. आखाजी तोंडावर हाय."

"मंग तुम्ही ओढा, रामराव."

"मले तं काई नाही जी. पण भाऊसाहेबायनं सांगून ठेवलं. अर्धं गाव पितरायचा घट याच विहिरीच्या पाण्यानं भरते. तं आखाजी होयेपर्यंत तुमच्या टाक्यासाठी पोहरा टाकाचा नाही, असं म्हणले. माही नोकरी हाय, मॅडम."

भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले. प्राचार्य चांगले गृहस्थ होते. हे मी उपरोधानं लिहीत नाही. सगळे त्यांना चांगले म्हणत आणि ते आमच्याशी कधी वाकडं बोलले नव्हते. त्यांनी आक्काचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, माझं वैयक्तिक काही नाही. मी तर तुमच्या घरी चहा घेतलेला माणूस आहे." घेतला होता. जयंतीच्या दिवशी. बशीत ओतून, अर्धा. "पण गावाचं पाहावं लागतं हो. दोन दिवसांचा प्रश्न आहे. आखाजी झाली की वापरा ना हवं तेवढं पाणी."

आक्कानं पोहरा खाली ठेवला आणि वर्गात शिकवायची तशा आवाजात सांगितलं, "ठीक आहे सर. ऊन कडक आहे, हवेत ओल नाही. कोरडी राहिली तर भांडी दोन दिवस टिकतील. पण मग पूर्ण कोरडी. यांना एक तर बुडवायचं नाहीतर कोरडं ठेवायचं. मधलं काही चालत नाही. समिती येऊन जाईपर्यंत यांना एक थेंब लागता कामा नये." प्राचार्यांनी मान हलवली. रामरावानंही हलवली. आम्ही भांडी सभागृहात नेऊन पांढऱ्या चादरींवर मांडली, खिडक्या लावल्या आणि शेवटची एसटी गाठायला निघालो. निघता निघता आक्कानं तो वाजवलेला गडू टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला. बसमध्ये तो तिच्या मांडीवर होता. घरी आल्यावर तिनं मायच्या बादलीत तो बुडवला. तो सूं करून बुडबुडे सोडू लागला. माय वाकून बघत होती. म्हणाली, "तान्हेलं होतं बिचारं." त्या दिवसात आक्का तेवढंच हसली.

सकाळी आम्ही सभागृहाचं दार उघडलं तेव्हा चादरीवर पाण्याचे डाग सुकलेले दिसले. मला काही कळायच्या आत आक्कानं जवळचा वाडगा उचलला होता. प्राचार्य मागून आले. अंघोळ केलेले, धुतलेला सदरा, फार खुशीत. "मॅडम, काल तुम्ही गेल्यावर मला चैन पडेना. तुमचं मन दुखावलं, असं वाटत राहिलं. म्हणून संध्याकाळी मी स्वतः पोहरा ओढला. रामरावाला सांगितलं, तू धरू नको, हे माझ्याकडून. प्रत्येक भांड्यावर पाणी शिंपडलं. एकही सोडलं नाही. आता तरी झालं ना समाधान?"

"कशानं शिंपडलं सर?" आक्कानं विचारलं.

"आंब्याच्या डहाळीनं."

ती खाली बसली. चादरीच्या कडेला, जमिनीवर. मी प्रत्येक भांडं उचलून बघत होते आणि सगळी अजून धड होती, म्हणून मी म्हणाले, "आक्का, काई झालं नाही, पाह्य." विद्यालयात तिला आक्का म्हटल्याचा तो एकच प्रसंग. तिनं मला दुरुस्त केलं नाही. बाहेर जीपचा आवाज आला.

समितीत तिघं होते. अध्यक्ष भाऊसाहेब त्यांना घेऊन आत आले. सगळ्यांनी टेबलांभोवती फेरी मारली. त्यातले एक सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले गृहस्थ खरोखर मन लावून बघत होते. त्यांनी विचारलं, ही माती कुठली? आक्कानं सांगितलं, मागच्या नाल्याची. ते म्हणाले, "वा!" त्यांनी आपल्या सहकाऱ्याला दिवा दाखवला. मग चहा आला. सगळे बसले. भाऊसाहेब पावसाबद्दल बोलत होते. आणि तेवढ्यात पहिला आवाज आला. टिच्. नख मोडावं एवढा. कुणी लक्ष दिलं नाही. मग दुसऱ्या टेबलावर टिच्. मग इकडे, मग तिकडे. पांढऱ्या चादरीवर लाल टिकल्या पडू लागल्या, आणि जिथून त्या उडाल्या तिथं प्रत्येक भांड्यावर एक पांढरा ठिपका. चष्म्याच्या गृहस्थांच्या हातात वाडगा होता. त्याच्या काठाची कपची उडून त्यांच्या चहात पडली.

तिसऱ्या सदस्यांना हसू आलं. "मॅडम, तुमच्या भांड्यांना देवी आल्या की काय?" भाऊसाहेब मोठ्यानं हसले. ते हसले म्हणून रामरावही हसला.

चष्म्याचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी वाडगा खाली ठेवून विचारलं, "मातीत चुनखडी आहे. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं सर. भांडी बुडवून ठेवावी लागतात."

"मग बुडवली का नाहीत?"

सभागृहात चांगली वीसेक माणसं असतील, शिक्षक, संस्थेचे लोक, गावातले दोघं-तिघं. का बुडवली नाहीत हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आक्कानं प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. मग प्राचार्य घसा साफ करून म्हणाले, "टंचाई आहे सर, उन्हाळा. तरी मी काल स्वतः पाणी शिंपडलं होतं, मॅडमच्या समाधानासाठी." मी उभी राहिले. माझ्या तोंडात विहीर हा शब्द आला होता. आक्का माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "वानखडे, बसा."

मी बसले. ती माझी शिक्षिका होती. टिच् टिच् चालूच होतं. मंडळी जेवायला गेली तेव्हाही ते चालू होतं, आणि आम्ही दोघी भांडी टोपल्यांत भरत होतो तेव्हाही, टोपलीच्या आतून.

बसमध्ये मी तिला विचारलं, काऊन बोलू देलं नाही? घरी गडू हाय, चांगला, बुडवलेला. तो नेऊन दाखव समितीले. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्याईले मातीचं समजलं नसतं तं दाखवला असता. त्याईले समजून राह्यलं होतं." मग म्हणाली, "तू बोलली असती तं तुले परीक्षेले बसू देलं नसतं." मी तेव्हा तिच्यावर फार चिडले होते. अजूनही पूर्ण गेलेलं नाही ते. तिनं मला वाचवलं, हे मला कळतं. मला वाचवायला नको होतं, हेही मला तितकंच कळतं.

मातीकामाला मान्यता मिळाली नाही. पुढच्या वर्षीपासून तिथं शिवणकाम सुरू झालं. भट्टीच्या विटा कुणीतरी गोठ्याला नेल्या. आक्काला काही महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, संग्रामपूरकडे, आणि ती गणित शिकवू लागली. तिनं माती चाळायची आपली चाळणी मायला पीठ चाळायला दिली. तार जाड म्हणून मायनं ती अडगळीत टाकली. मी परीक्षा झाल्यावर सांगितलं की मला शहरात जाऊन हेच शिकायचं आहे. बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. आक्का मला बसपर्यंत पोहोचवायला आली. पिशवीत तिळाची चटणी आणि भाकरी बांधून दिल्या होत्या. गाडी सुटताना म्हणाली, "शिक. पण मले पत्रात मातीचं काई लिहू नको."

मी लिहिलं नाही. इतकी वर्षं आम्ही मायचं दुखणं, बाबांचं पेन्शन, पुस्तकं, तुरीचा भाव, सगळ्यावर बोललो. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा तिनं वरण-बट्टी केली, शेजारी वाढून दिली, आणि विषय काय होता ते विचारलं नाही. विषय चुनखडीयुक्त माती आणि शालेय कुंभकाम हाच होता. पहिल्या पानावर मी तिचं नाव घातलं होतं. प्रत तिच्या कपाटात सापडली, मागच्या आठवड्यात. पानं उघडून वाचलेली असावीत असं मला वाटत राहतं, पण तसं म्हणायला आधार नाही. कोरं पुस्तक आणि जपून वाचलेलं पुस्तक सारखंच दिसतं.

दर वर्षी नव्या वर्गाला मी भांडी बुडवण्याचा पाठ शिकवत असे. साधा पाठ आहे, मुलं पटापट लिहून घेतात. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पाणी कमी असेल तर थोडं शिंपडून चालेल का?" मी "नाही" म्हणाले, ते गरजेपेक्षा मोठ्यानं. ती बिचारी पाणी वाचवायचा विचार करत होती.

प्राचार्य खूप जगले. लग्नकार्यात भेटायचे तेव्हा माझे दोन्ही हात हातात घेत. "वानखडे मॅडमचं फार वाईट झालं हो. काय नशीब एकेकाचं. मी तर पाणीसुद्धा शिंपडलं होतं." ते हे मनापासून म्हणत आणि मनापासून म्हणतच गेले. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्यांच्यापुढे मी प्रत्येक वेळी नुसती मान हलवली.

अध्यापक विद्यालय बंद पडलं. त्या इमारतीत आता मंगल कार्यालय आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी ओळखीच्या घरचं लग्न होतं म्हणून गेले होते. विहिरीवर जाळी बसवली आहे आणि बोअरचं पाणी नळाला येतं. आक्काचं टाकं तसंच आहे. जेवण झालं की पाहुणे त्याच्यावर हात धुतात. काठोकाठ भरलेलं होतं.

घर मी अजून विकलेलं नाही. लिंबाचं झुडूप वाळलं. बाबांची, मायची आणि आता आक्काची अशा तीन तसबिरी भिंतीवर आहेत. आक्काच्या हातचं एकच भांडं उरलं आहे, तो गडू. तो खिडकीत आहे. त्याला एकही खळी पडलेली नाही.